मोटारसायकलच्या पंख्याला हाताचा स्विच : केव्हा, कसा आणि कशासाठी

(डिलाईल रोड येथे गावाकडे शेती असणाऱ्या मुंबईकर बंधू-भगिनींच्या बैठकीत दिलेल्या भाषणावरून)



मी कृषिविद्येचा अध्यापक. मला आपण बोलावले ते भाताच्या खतांविषयी बोलायला आणि त्यावर आपण आधी सविस्तर बोललोच. परंतु चहाच्या वेळी चारपाच जणांनी एकच प्रश्न विचारला, तो असा : गणपतीला, शिमग्याला किंवा पेरणीला मोटारसायकलने गावी जाताना गाडी तापते, रेडिएटरच्या पंख्याला हाताने चालू करण्याचा स्विच बसवावा का? प्रश्न शेतीबाहेरचा वाटेल, पण तसा तो नाही. हीच गाडी गावात दुधाची किटली नेते, खताची पिशवी नेते, बांधावरून पहिल्या गिअरमध्ये रांगते.

प्रथम हे पाहा की आपल्या गाडीला पंखा आहे का. बहुसंख्य 100 ते 125 सीसी गाड्यांचे इंजिन हवेने थंड होते. सिलिंडरवर पट्ट्या असतात, वारा लागतो आणि काम भागते. तेथे पंखाही नाही व स्विचचा प्रश्नही नाही. 2008 मध्ये आलेली यामाहाची आर-15, 2012 मधील केटीएम ड्यूक 200 आणि बजाजची पल्सर 200 एनएस, अशा गाड्यांबरोबर कूलंटने थंड होणारे इंजिन आपल्याकडे रुळले, आणि आता त्यांतल्या कित्येक जुन्या बाजारातून खेडोपाडी पोहोचल्या आहेत. आजचे बोलणे या गाड्यांपुरतेच आहे.

इंधनातील उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश भाग चाकाला मिळतो. बाकीची उष्णता धुरावाटे आणि इंजिनाच्या अंगावाटे बाहेर टाकावी लागते. झाड हे काम पानांतून पाणी उडवून करते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. जुन्या पाच अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाला आपण विहिरीच्याच पाण्याची एक नळी जोडत होतो, गरम पाणी पाटात सोडून द्यायचे. मोटारसायकलजवळ ना पान आहे ना विहीर. तेच लिटरभर कूलंट पुन्हा पुन्हा फिरते आणि रेडिएटरमध्ये वाऱ्याने थंड होते. गाडी ताशी 40-50 किलोमीटरने पळत असेल तर समोरचा वारा पुरेसा असतो, पंख्याला काही काम नसते. गाडी उभी राहिली की वारा संपतो. कूलंट साधारण 95 ते 105 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोहोचले की थर्मोस्विच किंवा गाडीचा संगणक पंखा सुरू करतो.

आता आपला रस्ता पाहू. लोअर परळचा रेल्वेवरील पूल जुलै 2018 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये पूर्ण खुला झाला. मधली पाच वर्षे ना. म. जोशी मार्गावर दुचाकीवाल्यांनी काय सोसले ते मी आपणास सांगायला नको. त्यापुढे, द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई असल्याने घाटावर जाणाऱ्यांना जुन्या रस्त्याने खोपोली-खंडाळा चढावे लागते. मागे माणूस, टाकीवर पिशवी, पहिला-दुसरा गिअर, पुढे ट्रक. इंजिन पूर्ण जोर लावते आणि वारा मात्र नाही. पंख्याची खरी परीक्षा येथे होते.

पंपाला आपण ऑटो स्विच लावतो, त्याची येथे आठवण ठेवावी. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. तो ऑटो बिघडला तर स्टार्टरचे हिरवे बटण हाताशी असते. थर्मोस्विच हा पंख्याचा ऑटो आहे. आपण बसवू तो हाताचा स्विच म्हणजे हिरवे बटण. ऑटो काढून टाकून केवळ बटणावर पंप चालवणारा शेतकरी जसा रात्रभर जागा राहतो, तशी पाळी गाडीवर आणू नये. म्हणून पहिला नियम : हाताचा स्विच मूळ व्यवस्थेला समांतर जोडावा, तिच्या ओळीत मध्ये घालू नये. ओळीत घातला आणि आपण तो लावायला विसरलो, तर थर्मोस्विच चांगला असूनही पंखा फिरणार नाही. समांतर असेल तर दोघांपैकी कोणीही पंखा चालवू शकतो.

जोडणीकरिता चार टोकांचा 12 व्होल्टचा रिले घ्यावा. स्टार्टरमधील कॉईल आपण पाहिली आहे : बटणातून थोडा प्रवाह जातो, कॉईल ओढते आणि मोटारचा मोठा प्रवाह जाड पट्ट्यांतून जातो. रिले हे त्याचेच लहान रूप. त्यावर 85 व 86 ही कॉईलची टोके असतात, 30 व 87 ही संपर्काची. किल्ली फिरवल्यावरच जिच्यात वीज येते अशा, फ्यूजमागच्या वायरीतून 86 ला जोडावे. 85 मधून वायर हँडलवरील स्विचला आणि तेथून गाडीच्या सांगाड्याला. किल्ली काढली की स्विच चालू राहिला तरी त्याचा परिणाम संपतो. 30 आणि 87 कोठे जोडायचे? जुन्या कार्ब्युरेटर गाडीत थर्मोस्विचच्या दोन वायरींना समांतर; थर्मोस्विचला एकच वायर असेल तर ती वायर आणि सांगाडा यांच्यामध्ये. इंजेक्शनच्या गाडीत कंपनीचा पंख्याचा रिले वेगळा असेल तर त्याच्या संपर्काच्या दोन टोकांना समांतर. अशा रीतीने पंख्याचा मूळ फ्यूज तसाच कामात राहतो. संगणकाकडून येणाऱ्या वायरीला मात्र हात लावू नये. जेथे रिले वेगळा सापडत नाही, संगणकातूनच पंखा चालतो असे दिसते, तेथे हा उद्योग सोडून द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. गाडी वॉरंटीत असेल तरीही थांबावे.

पंख्याच्या वायरी 1 चौरस मिलिमीटर जाडीच्या बहुतारी तांब्याच्या असाव्यात. जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला नको. झाळून किंवा पक्के टोक दाबून त्यावर आकसणारी नळी चढवावी. वायर सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही हे पाहावे. मीटरच्या पेटीत फ्यूजऐवजी जाड तार घालण्याची आपली सवय येथे आणू नका. या वायरी पेट्रोलच्या टाकीखालून जातात. घासलेली वायर आणि फ्यूजच्या जागी तार, एवढ्यावर उभी गाडी पेटू शकते.

स्विचजवळ एक छोटा दिवा ठेवावा, म्हणजे पंखा चालू राहिल्याचे लक्षात येते. त्याचे कारण बॅटरी. समजा पंखा 3 अँपिअर घेतो आणि बॅटरी 8 अँपिअर-तासांची आहे. कागदावर ती अडीच तास पुरेल, पण इंजिन बंद ठेवून किल्ली चालू राहिली तर तासाभरातच सेल्फ कुरकुरू लागेल. एप्रिल 2017 नंतरच्या नव्या गाड्यांना इंजिन चालू असेतो हेडलाईट बंद करता येत नाही, त्यामुळे मंद चालणाऱ्या इंजिनावर भार आधीच जास्त असतो. घाटाच्या पायथ्याशी किंवा कोंडीत शिरताना स्विच लावावा, मोकळा रस्ता लागला की बंद करावा. सकाळी थंड इंजिनावर पंखा फिरवून काही साधत नाही.

मात्र पंखा आपोआप सुरू होत नाही म्हणून स्विच बसवणे म्हणजे ताप आलेल्या जनावराला झूल घालण्यासारखे आहे. आधी दोष शोधावा. गावाकडच्या गाड्यांत मला बहुतेक वेळा दोषी दिसतो तो रेडिएटरच. पुढच्या चाकाने उडालेला चिखल, गवताचे कुसळ, मळणीचा भुसा त्याच्या बारीक पट्ट्यांत बसतो. तेथे दहा पंखे लावले तरी वारा आरपार जायचा नाही. इंजिन थंड असताना मागच्या बाजूने, साध्या नळीच्या हलक्या धारेने धुवावे. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पट्ट्या वाकतात. दुसरा दोष पाण्याचा. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. ठिबकच्या तोट्या ज्या क्षाराने बुजतात तोच क्षार येथेही बसतो, शिवाय ॲल्युमिनियम कुरतडले जाते. कूलंट आणि शुद्ध केलेले बॅटरीचे पाणी निम्मे-निम्मे घ्यावे, तयार मिश्रण आणले असेल तर त्यात पाणी घालू नये, आणि माहितीपुस्तिकेत दिलेल्या मुदतीत ते बदलावे.

तापलेल्या गाडीचे झाकण रस्त्यात उघडू नये. झाकणामुळे आत दाब असतो आणि त्या दाबाखाली कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते. तापमानाचा दिवा लागला तर गाडी सावलीत बाजूला घ्यावी, इंजिन बंद करून किल्ली तेवढी चालू ठेवावी, हाताच्या स्विचने पंखा पाच-सात मिनिटे फिरू द्यावा आणि अर्धा तास थांबावे. तो स्विच सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो अशा वेळी. तसेच दामटले तर हेडचे गॅस्केट जाते, आणि तो खर्च एका हंगामाच्या बियाण्याएवढा होऊ शकतो.

आताच एका भगिनींनी स्कूटरविषयी विचारले. हवेने थंड होणाऱ्या नेहमीच्या स्कूटरचा पंखा इंजिनाच्या दांड्यावरच बसवलेला असतो. इंजिन फिरते तोवर तो फिरतो, त्याला थर्मोस्विच नाही व हाताचा स्विच बसवण्याची सोयही नाही. महिनाभर गोठ्यात उभी असलेली स्कूटर काढताना पंख्याच्या झाकणाच्या जाळीत पालापाचोळा किंवा कुंभारणीचे मातीचे घर नाही ना, एवढे पाहून मग ती सुरू करावी.