पानातून रोप : लखनौच्या हवेतील अनुभव
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून पान कुजण्याविषयी बोलावे, हे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु नोकरीनिमित्त लखनौला स्थायिक झालेल्या आम्हा मराठी कुटुंबांकडे गावच्या कुंडीतले एखादे पान पुष्पक एक्स्प्रेसने दिवसभराचा प्रवास करून येते. ते एकच असते. कुजले, तर दुसऱ्यासाठी पुढची सुट्टी उजाडावी लागते. आणि ज्या आजीच्या हातची ती कुंडी, ती तोवर असेलच असे नाही.

पान वाळू नये म्हणून आपण ते ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबतो. नासाडीचा आरंभ तेथेच होतो. तोडलेले पान म्हणजे उघडी जखम. ती कोरडी राहिली, तर कडेच्या पेशींवर बुचासारखे अस्तर धरते. ओली राहिली, तर पिथियमसारखे बुरशीसदृश जीव आणि जिवाणू आत शिरतात. म्हणून स्नेक प्लांटसारखे मांसल पान वर्तमानपत्रात गुंडाळावे, घरी आल्यावर आणखी तीन-चार दिवस सावलीत तसेच ठेवावे आणि मगच भरड वाळूत, बूड खालीच राहील अशा बेताने, उभे खोचावे. उलटे लावलेले पान मूळ धरत नाही. आफ्रिकन व्हायोलेट किंवा बेगोनियाचे पातळ पान मात्र इतके दिवस तग धरणार नाही. ते लवकर लावावे, त्याला दमट हवा द्यावी, पण माती चिखल होऊ देऊ नये. जखमेवर हळद लावण्यास हरकत नाही. वाळूच निथळणारी नसेल, तर तिच्यावर विसंबू नये.

लखनौची हवा याबाबतीत फसवी आहे. मे महिन्यात लू वाहते तेव्हा सकाळचे पाणी दुपारी उरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तीच कुंडी आठवडाभर ओली राहते. जानेवारीच्या धुक्यात मुळे फुटत नाहीत आणि ओल तशीच साचते. फेब्रुवारीअखेर ते मार्च, किंवा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर, हेच दिवस मला योग्य वाटतात. सिकंदरबागेत, जेथे १९५३ पासून राष्ट्रीय वनस्पती उद्यान वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आहे, तेथे फेरफटका मारणाऱ्यालाही ऋतूंचे हे गणित सहज उमगते.

मुलांच्या हाती प्रथम पानफुटी द्यावी. तिच्या पानाच्या खाचांतूनच रोपे डोकावतात. जर्मन कवी गटेलाही तिचे मोठे कौतुक होते.

एक गोष्ट पालकांनी मुलांना आधीच सांगावी. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचे पान जगले, तरी त्यातून येणारे रोप निव्वळ हिरवे निघते. काठ हवा असेल, तर मुळाशी आलेला फुटवाच मागून घ्यावा, अर्थात आजी द्यायला तयार असेल तर.