सेलमध्ये वीज नसते



आमच्या भागात ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च. ‘बॅटरी घे, वाटेत अंधार आहे’ म्हटलं की पोरगं खुंटीवरची टॉर्च काढून आणतं. आत घालायचे ते ‘सेल’. शास्त्राच्या पुस्तकात मात्र एकटा असतो तो सेल, म्हणजे घट, आणि अशा घटांची रांग लावली की बॅटरी. शब्दांचा हा घोळ चालून जातो. पण आपल्या मनात आणखी एक समज पक्का बसलेला असतो. टाकीत पाणी भरावं तशी सेलमध्ये वीज भरलेली असते आणि वापरली की टाकी रिकामी होते, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. प्रयोगशाळेशी माझा संबंध शाळेपुरताच. तरी हा विषय मला सोडत नाही, कारण सेलमध्ये वीज नसतेच. तिथं असते दोन पदार्थांमधली ओढ, आणि त्यांची थेट गाठ पडू नये म्हणून मध्ये उभी केलेली एक भिंत.

द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर मोरचूद वापरतात. काचेच्या ग्लासात मोरचुदाचं निळं पाणी घ्या आणि त्यात जस्ताची पट्टी बुडवा. पाण्याचा निळा रंग हळूहळू फिका होतो, पट्टीवर तांब्याचा थर बसतो आणि जस्त विरघळत जातं. काय घडलं? जस्ताची वृत्ती देण्याची. आपल्याकडचे इलेक्ट्रॉन ते सहज सोडून देतं. पाण्यातलं तांबं ते घ्यायला टपलेलं असतं. देणारा आणि घेणारा एकमेकांना खेटून उभे, तेव्हा व्यवहार जागच्या जागी उरकतो. ग्लास जरासा गरम होतो, बस्स. त्यावर दिवा लागत नाही.

१८३६ साली जॉन डॅनियल या इंग्रज शास्त्रज्ञानं या दोघांमध्ये आडोसा घातला. एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला मोरचुदाचं पाणी आणि तांबं. मधल्या आडोशातून विद्युतभारित कण, म्हणजे आयन, पाझरू शकतात, पण देणाऱ्या-घेणाऱ्याची थेट भेट होत नाही. मग इलेक्ट्रॉनांना तांब्याकडे जायचं तर वाट एकच, बाहेरून जोडलेली तार. त्या लांबच्या वाटेवर आपण दिवा बसवतो, घंटी बसवतो. जी ओढ नुसती ऊब होऊन विरली असती, तीच आता आपलं काम करते. विरहाची ताकद कवींना ठाऊक होतीच. डॅनियलच्या घटात ती मोजता येते. सुमारे १.१ व्होल्ट!

याआधी ३६ वर्षं, १८०० साली, इटलीतल्या व्होल्टानं पहिली बॅटरी रचली होती. त्याचा देशबांधव गॅल्व्हानी याला मेलेल्या बेडकाचा पाय दोन धातूंच्या स्पर्शानं उडताना दिसला होता. वीज बेडकाच्या शरीरात आहे, असं त्याचं म्हणणं. व्होल्टा म्हणाला, किमया दोन धातूंची आहे. त्यानं चांदीच्या आणि जस्ताच्या चकत्या एकाआड एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवले आणि बेडकाशिवाय वीज वाहवून दाखवली. आपण ‘व्होल्ट’ म्हणतो ते त्याच्याच नावावरून.

आता आपल्या ट्रान्झिस्टरमधला साधा सेल पाहा. त्याची बाहेरची डबी जस्ताची. आत काळा मसाला, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कोळशाची भुकटी. मध्यभागी कार्बनची कांडी. ओलावा धरून ठेवायला नवसागराचा लगदा. कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो आणि धुराचा लोट उठतो, तोच हा नवसागर. इथं देणारं जस्त, घेणारा मसाला. मौज अशी की ज्या डबीत सगळं भरलंय, ती डबीच जळण म्हणून खर्ची पडते. म्हणून जुना सेल रेडिओत विसरला की डबीला भोकं पडतात आणि आतला द्रव बाहेर येऊन स्प्रिंग खातो.

आमचे अब्बा आवाज बसलेले सेल अंगणात उन्हात मांडायचे. रात्रीच्या बातम्यांपुरता त्यांत पुन्हा जीव यायचा. उन्हात वीज भरली जात नव्हती. उबेनं रासायनिक क्रियेचा वेग वाढायचा आणि विश्रांतीत आतले पदार्थ जरा पसरून पुन्हा कामाला लागायचे, एवढंच. खर्च झालेलं जस्त काही परत येत नव्हतं.

ते परत आणण्याची युक्ती १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांटेनं काढली. गाडीखालची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी ही त्याचीच लेक. एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची, मध्ये पातळ गंधकाम्ल. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट साचतं आणि आम्ल पाणचट होतं. म्हणून तर मेकॅनिक आम्लाची घनता पाहून बॅटरी किती उतरली ते सांगतो. चार्जिंग म्हणजे बाहेरच्या विजेनं ही क्रिया उलटी फिरवायची, देणाऱ्याला त्याचे इलेक्ट्रॉन परत करायचे. मोबाइलमधली लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिच्यात लिथियमचे आयन वापरताना एका थरातून दुसऱ्या थरात जातात आणि चार्ज करताना माघारी येतात. या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

सेल ही बांधून घेतलेली शिदोरी आहे. जेवढी बांधली तेवढीच. चूल मात्र लाकूड घालत राहाल तोवर जळते. विजेच्या जगातली अशी चूल म्हणजे इंधन-घट, फ्युएल सेल. त्याची कल्पना विल्यम ग्रोव्हनं १८३९ सालीच मांडली होती. एका बाजूनं हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूनं ऑक्सिजन. मध्ये पुन्हा भिंत. आज वाहनांत वापरतात त्या प्रकारात ती एक पातळ पडदा असते. प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटतो. उरलेला प्रोटॉन पडद्यातून पार होतो, इलेक्ट्रॉनला मात्र तारेनंच फिरून जावं लागतं. पलीकडे ऑक्सिजन भेटतो आणि तिघांचं पाणी होतं. ना ज्वाला, ना धूर.

ही शिदोरी आणि ही चूल एकाच प्रवासात कशी कसोटीला लागली, ते अपोलो-१३ च्या कहाणीत दिसतं. एप्रिल १९७० मध्ये तीन अंतराळवीर चंद्राकडे निघाले होते. मुख्य यानाची वीज तीन इंधन-घटांवर चालायची, आणि त्यांतून तयार होणारं पाणी हे लोक प्यायचे. पृथ्वीपासून सुमारे सव्वातीन लाख किलोमीटरवर ऑक्सिजनची एक टाकी फुटली, दुसरी गळू लागली. घट शाबूत असले तरी उपयोग काय? चुलीत घालायला लाकूडच उरलं नाही. वीज गेली, तिच्याबरोबर पाणी तयार होणंही थांबलं. तिघे चंद्रावर उतरण्यासाठी जोडलेल्या छोट्या यानात शिरले. त्यात चांदी-जस्ताच्या बॅटऱ्या होत्या, दोन माणसांना सुमारे दोन दिवस पुरतील अशा बेतानं बांधलेली शिदोरी. ती तिघांनी चार दिवस पुरवली. एकेक यंत्र बंद केलं, थंडीत कुडकुडत, घोटभर पाण्यावर दिवस काढले. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप समुद्रात उतरले.

आपल्याकडेही या चुलीवर काम चाललं आहे. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेनं पाणबुड्यांसाठी इंधन-घटाची यंत्रणा घडवली, तिची जमिनीवरची चाचणी २०२१ साली झाली. २०२२ साली पुण्यात देशी बनावटीच्या इंधन-घटावर चालणारी बस लोकांसमोर आली. मात्र हायड्रोजनच्या विहिरी आपल्या दारी नाहीत. आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून काढतात, आणि तिथं धूर होतोच. चूल स्वच्छ म्हणून भागत नाही, लाकूड कुठून आणलं हेही विचारावं लागतं.

शेवटी पुन्हा त्या भिंतीकडे येतो. ती शाबूत आहे तोवर ओढ आपल्या कामाची. ती फाटली, तर साठलेली सगळी शक्ती एकदम उष्णता होऊन बाहेर पडते. फुगलेली मोबाइलची बॅटरी म्हणून टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. आणि घरात लहान मूल असेल तर घड्याळातले, खेळण्यातले ते चपटे, बटणासारखे सेल त्याच्या हाती लागू देऊ नका. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर तिथल्या ओलाव्यातून प्रवाह सुरू होतो, जहाल अल्कली तयार होते आणि दोनच तासांत आतून गंभीर भाजतं. नुसता संशय आला तरी ‘शौचावाटे पडेल’ म्हणून वाट बघू नका, लगेच मोठं रुग्णालय गाठा. सेलमधल्या इलेक्ट्रॉनांना फक्त पलीकडे जायचं असतं. ती वाट तारेची आहे की लेकराच्या गळ्याची, हे त्यांना कळत नाही. ते आपल्याला कळलं पाहिजे.