चहा कुणाच्या हातचा?

(वस्तीतल्या विहारात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी वक्ता नाही. एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे, तोही कंत्राटी. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलून माझे खांदे सुजले होते. आज मला दानाबद्दल बोलायचंय. दान ही चीज आपल्या बापजाद्यांना चांगली ठाऊक. शिळ्या भाकरीचं दान, उतरलेल्या कपड्यांचं दान. त्यांनी वरून टाकायचं, आपण खालून झेलायचं.

आधी हिशेब मांडतो. २० जानेवारी २०२१ ला आपल्या सरकारने शेजारी देशांना लस भेट द्यायला सुरुवात केली. पहिले भूतान आणि मालदीव, मग बाकीचे. बरीचशी लस पुण्यात बनलेली. छाती फुगली. अन् तीन महिन्यांत राजधानी दिल्लीत माणसं ऑक्सिजनवाचून तडफडून मेली. एप्रिल सरता सरता दिवसाला चार लाखांवर नवे रोगी. २७ एप्रिलला इंग्लंडकडून पहिला माल उतरला: १०० व्हेंटिलेटर, ९५ ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. मग रशिया. ३० एप्रिलला अमेरिकेचं अवाढव्य लष्करी विमान. फ्रान्सकडून हवेतून ऑक्सिजन काढणारे आठ प्लँट. अन् चिमुकल्या भूतानने आसामला रोज ४० टन ऑक्सिजन द्यायची तयारी दाखवली.

२००४ ला त्सुनामी आली तेव्हा दिल्लीने परदेशांना सांगितलं होतं, आमचं आम्ही बघतो. २०१८ ला केरळ बुडालं तेव्हाही परकी सरकारांचा पैसा नाकारला. २०२१ ला ती ताठ मान वाकली. वाकली त्याचं मला काही वाटत नाही. माणूस मरताना मान कसली मिरवता? घ्यावं. पण घेतलेलं पोचवावं की नाही? माल रेडक्रॉसच्या नावाने यायचा आणि वाटपाचे नियम निघाले २ मे रोजी. त्याआधी विमानं येऊन गेली होती.

माझ्या वॉर्डातली गोष्ट सांगतो. एक मशीन आलं. खोक्यावर परका झेंडा. मीच ते दुसऱ्या मजल्यावर वाहून नेलं. दोन दिवस खोकं फुटलं नाही. का? साहेब लोकांना त्याच्यासोबत फोटो काढायचा होता, अन् साहेबांना वेळ नव्हता. बाजूच्या खाटेवर माझ्याच चाळीतल्या आक्का होत्या. मला म्हणाल्या, "बाळा, त्या खोक्यात काय हाय रं?" मी म्हणालो, "आक्का, हवा हाय." पहाटे आक्का गेल्या. दुपारी फोटो निघाला. फोटोत आक्का नाहीत. मी पण नाही.

आता केनियाचं ऐका. मेच्या अखेरीला केनियाने १२ टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले. त्यांच्याच मातीत पिकलेले, आणि आपल्या महाराष्ट्रासाठी. त्यांचे उच्चायुक्त मुंबईत येऊन माल देऊन गेले. जीव वाचवायला तासन् तास राबणाऱ्या माणसांसाठी हे आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे दोस्तहो, माझ्यासाठी! २२ मार्च २०२० ला ह्या देशाने आमच्यासाठी थाळ्या बडवल्या. पण ह्याला ड्युटीवर घोटभर चहा लागत असेल, हे सुचलं कुणाला? समुद्रापलीकडच्या काळ्या माणसाला.

अन् आपले लोक हसले. मोबाईलवर विनोदांचा पाऊस. भिकाऱ्यांकडून भीक घ्यायची वेळ आली म्हणे! इंग्लंडच्या व्हेंटिलेटरला असं कुणी हसलं नाही. गोऱ्याच्या हातचं मशीन चालतं, काळ्याच्या हातचा चहा चालत नाही. ओळखीचं वाटतंय ना? गावच्या हाटेलात माझ्या आज्याचा कप वेगळा होता. वळचणीला ठेवलेला. हातचं चालतं-चालत नाही हा रोग कोरोनापेक्षा जुना आहे, आणि त्याच्यावर लस काढायचं कुणाच्या मनात नाही.

हसणाऱ्यांना आणखी एक ठाऊक नव्हतं. ३ मार्च २०२१ ला केनियाला लसीचे दहा लाखांवर डोस मिळाले होते. कोव्हॅक्स योजनेतून, पण पुण्याच्याच कारखान्यातले. महिनाअखेर आपल्या सरकारने लस बाहेर जाणं रोखलं आणि तिकडच्या लोकांचा दुसरा डोस लटकला. आपल्याकडेच सरणं कमी पडायला लागली, तेव्हा लस अडवली हे मी समजू शकतो. पण ज्याच्या ताटातलं आपण अडवलं त्यानेच आपल्याला शेंगदाणे धाडले, अन् आपण हसलो. ह्याला काय म्हणायचं?

आता मोठ्या दात्यांकडे वळतो. २ ऑक्टोबर २०२० ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव ठेवला. रोगराई आहे तोवर लस, औषधं, उपकरणं ह्यांच्यावरचे पेटंटसारखे हक्क बाजूला ठेवा. ज्याला बनवता येतं त्याला बनवू द्या. आडवं कोण आलं? इंग्लंड, युरोपियन युनियन, स्वित्झर्लंड. अमेरिका ५ मे २०२१ ला हो म्हणाली, ती पण लसीपुरती. अखेर १७ जून २०२२ ला जिनिव्हात निर्णय झाला तो छाटलेला: फक्त लस, आणि फक्त पेटंट. तोवर लाखो माणसं मातीत गेली होती. म्हणजे शंभर मशीन देतील, पण हजार मशीन तुमची तुम्ही बनवायचा हक्क देणार नाहीत. दान मागाल तेवढं, हक्क शून्य!

महाडला चवदार तळ्यात पाण्याचा दुष्काळ नव्हता. तळं भरलेलं होतं, बंदी होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथे ओंजळीत वरून कुणी पाणी ओतावं म्हणून गेले नव्हते. तळ्यावर आमचाही हक्क आहे, हे सांगायला गेले. लस बनवायची विद्या हे आजच्या जगाचं तळं आहे. काठावर पहारा कुणाचा, ते ओळखा.

आणि दिल्लीवाल्यांनाही विचारा. जिनिव्हात तुम्ही हक्काची भाषा केलीत, मग घरात आम्हाला थाळ्या का? ज्याने प्रेतं उचलली त्याची नोकरी कंत्राटी का? कुठलं खोकं, कुठल्या तारखेला, कुठल्या वॉर्डात उघडलं, ह्याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागा. आक्कांसाठी मागा.

तो केनियाचा चहा माझ्या वॉर्डापर्यंत काही आला नाही. आला असता तर मी कप वेगळा ठेवला नसता. ज्यांनी तो खुडला, त्या मजूर बायाबाप्यांना इथून माझा जयभीम.