क्षीरसागर यादीत कुठे?

पुण्यातल्या एका महाविद्यालयासाठी काही वर्षांपूर्वी मी प्रवेशयादीचा प्रोग्रॅम लिहिला. यादी फलकावर लागली. क्षीरसागर आडनावाच्या एका मुलीनं शाळेत शिकलेल्या वर्णमालेप्रमाणे शेवटच्या पानावर, 'ह'नंतर नाव शोधलं. नव्हतं. ती रडत घरी गेली. नाव होतं, पण 'क'मध्ये, कुलकर्णी, कोल्हे यांच्या मागे! संगणकाच्या लेखी 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष. कारकुनानं फोन करून तिला बोलावलं, तेव्हा मुदतीचा एकच दिवस उरला होता. चूक माझी होती.

ती कशी झाली, ते सांगतो. बँकेतलं खातं असो की रेल्वेचं आरक्षण, माहिती साठते डेटाबेसमध्ये. त्याच्याशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल. ती आयबीएममध्ये जन्मली आणि १९८६ साली अमेरिकेत तिचं प्रमाण रूप ठरलं. पण प्रमाण मराठी आली म्हणून वऱ्हाडी, मालवणी थांबली का? इथेही तसंच. यादीतली पहिली दहा नावं हवी असतील तर पोस्टग्रेसला 'लिमिट' म्हणायचं, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरला 'टॉप', तर जुन्या ओरॅकलला 'रोनम'.

प्रोग्रॅमरनं किती बोली शिकायच्या? म्हणून तो दुभाष्या ठेवतो. जावात हायबरनेट, पायथनमध्ये जँगो आणि एसक्यूएलअल्केमी हे असे दुभाषे. हायबरनेट आणि एसक्यूएलअल्केमीमध्ये तर हे काम करणाऱ्या भागाचं नावच 'डायलेक्ट', म्हणजे बोली.

आता प्रश्न असा, की दुभाष्यानं सर्वांना कळेल तेवढंच बोलावं, की एखाद्या बोलीतले खास शब्दही वापरू द्यावेत? समाईक तेवढंच ठेवा, म्हणणाऱ्यांचं चुकत नाही. परवान्याचा खर्च झेपेना झाला की संस्था डेटाबेस बदलतात. खास शब्द प्रोग्रॅमभर विखुरलेले असतील, तर ते वेचण्यात महिने जातात.

मीही त्याच मताचा होतो. पण समाईक शब्दांत आपली वर्णमाला नव्हती! 'ह'नंतर ळ, क्ष, ज्ञ हा क्रम मागायचा, तर त्या डेटाबेसच्या बोलीतच मागावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून मराठीचे क्रमनियम वापरता येतात. पण दुभाष्याला तो शब्दच ठाऊक नसेल, तर त्याला बाजूला सारून हातानं एसक्यूएल लिहिणं आलं.

जँगोनं काढलेली वाट मला पटते. २०१५ साली त्यांनी पोस्टग्रेसच्या खास सोयींना वेगळं दालन दिलं. आत जाणाऱ्याला कळतं, की ही बोली फक्त इथंच चालेल. २०२१ मध्ये क्रमनियमाचं नाव थेट सांगायची सोयही आली. खास शब्द वापरावा, पण एका ठिकाणी, उघडपणे. म्हणजे उद्या घर बदलताना काय काय हलवायचं, हे ठाऊक असतं.

पोस्टग्रेसच्या विकासात पुण्यातल्या अभियंत्यांचाही हातभार आहे. तेव्हा आपल्या वर्णमालेची गरज आपणच मांडायला हवी. नवा प्रोग्रॅम तपासताना मी आता आधी तीन नावं घालतो: कुलकर्णी, हर्डीकर, क्षीरसागर. ती याच क्रमानं आली, तरच यादी फलकावर जाते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)