कंगवा बघून घ्या, जट होऊ देऊ नका
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य सखीने केलेलं भाषण)



सभेत आपण बचत, कर्ज, हप्ते यावरच बोलतो. आज मी कंगव्यावर बोलणार आहे. हसू नका. वस्तू दहा-वीस रुपयांची आहे, पण ती वेळेवर हातात न घेतल्यामुळे माझ्या आत्याचं अर्धं आयुष्य मान वाकवून गेलं. ते पुढे सांगते. आधी कामाचं बघू.

बाजारात आपण कंगवा रंग बघून घेतो. खरं तर दात बघून घ्यायचा. दातांच्या टोकांवरून बोट फिरवा. बोचत असतील तर ठेवून द्या, असा कंगवा केस तोडतो.

लांब, दाट किंवा कुरळे केस असतील तर मोठ्या, विरळ दातांचा कंगवा घ्या. सरळ, पातळ केसांना मध्यम दातांचा पुरतो. मुली विचारतात, ब्रश घेऊ का? सरळ आणि खांद्यापर्यंतचे केस असतील तर चालतो. कुरळ्या केसांवर सुका ब्रश मारला की ते फुलून उठतात, गुंता वाढतो.

केस ओले असताना लवकर तुटतात. म्हणून न्हाल्यावर लगेच ओढू नका. आधी बोटांनी मोकळे करा, मग मोठ्या दातांचा कंगवा. सुरुवात टोकाकडून, हळूहळू वर. आपण उलटं करतो, डोक्यापासून खाली ओढतो, आणि सगळा गुंता खाली आवळून बसतो.

बारीक दातांची फणी फक्त उवा-लिखांसाठी. केस ओले करून किंवा तेल लावून, बट-बट वेगळी करून फणी घाला आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा. लिखा साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून एकदा करून भागत नाही. दर तीन-चार दिवसांनी, दोन-तीन आठवडे करा. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी बघा. रॉकेल मात्र डोक्याला लावू नका. कातडी भाजते, पेट घेण्याचाही धोका असतो.

प्रत्येकीचा कंगवा वेगळा असावा. प्लॅस्टिकचा आठवड्यातून एकदा कडक पाण्यात साबण घालून धुवा. लाकडी फणी भिजत ठेवू नका, धुऊन लगेच कोरडी करा.

आता आत्याचं. बाळंतपणानंतर ती तापाने अंथरुणाला खिळली. दोन महिने वेणीफणी नाही. तेल, घाम, धूळ बसून केस एकमेकांत अडकले आणि मागे एक गोळा झाला. शेजारची म्हणाली, "देवी आली, हात लावू नको." झालं. घरातलं कुणी कंगवा घ्यायला धजेना. वर्षं गेली, जट कमरेखाली आली. ओझ्याने मान दुखायची, आत उवा, रात्री कुशीवर झोपता यायचं नाही. लग्नकार्यात ती मागे बसायची. ती गेली तीही जटेसकट. पहिल्या आठवड्यात कुणी तेल लावून शेजारी बसलं असतं, तर एका दुपारचं काम होतं ते.

जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता. देवीचा कोप नाही, कृपाही नाही. पण याच जटेचं निमित्त करून आपल्याकडे आणि पलीकडे कर्नाटकात पोरी यल्लम्माला सोडल्या गेल्या. 2005 साली महाराष्ट्राने देवदासी प्रथा बंद करणारा कायदा केला. तरी मनातली भीती अजून आहे.

पुण्याच्या नंदिनी जाधव या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या. त्यांनी शंभराहून अधिक बायकांना समजावून, त्यांच्या मर्जीने जटा काढल्या. कुणाचं काही वाईट झालं नाही. मान तेवढी हलकी झाली.

म्हणून एक मागणं. गटातली कुणी बाळंतीण असेल, आजारी असेल, दुःखात बसली असेल, तर हप्ता मागायला जाताना सोबत तेलाची बाटली आणि मोठ्या दातांचा कंगवा न्या. तिच्या मागे बसा, केस मोकळे करा. जिला जट आहे तिला हिणवू नका, जबरदस्तीही करू नका. "तुला त्रास होतो का गं?" एवढं विचारा. ती हो म्हणाली तर मला हाक मारा, मी येते.