आठवणी लिहिताना थांबायचे कुठे?

नोकरीतून निवृत्त झाल्यावर अनेकजण आठवणी लिहायला बसतात. सुरुवात झकास होते. गाव, शाळा, मारकुटे मास्तर भराभर कागदावर उतरतात. घोडे अडते ते शेवटापाशी. आयुष्य तर चालूच आहे, मग लेखन संपवायचे कुठे? अशा वेळी 'जीवनाने मला खूप काही शिकवले' हे वाक्य हमखास मदतीला येते आणि चांगल्या पंगतीतून वाचक अर्धपोटी उठतो.

थोरांनी हे कसे सोडवले? रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्येच गेले होते. नंतरच्या काळात रमाबाईंनी सेवासदनासारखे मोठे काम उभे केले. सांगण्यासारखे पुष्कळ होते. तरी पुस्तक न्यायमूर्तींच्या अखेरीपाशी थांबते. ते त्या दोघांच्या आयुष्याचे पुस्तक. सहजीवन संपले, तिथे हकिगतही संपली.

गांधीजींची आत्मकथा १९२५ ते १९२९ या काळात 'नवजीवन'मध्ये क्रमशः छापली गेली, पण कथन १९२० च्या नागपूर काँग्रेसशी थांबते. यापुढचे माझे आयुष्य सार्वजनिक आहे, लोकांना ते ठाऊकच आहे, असे कारण त्यांनी दिले. निरोप घेताना ते सत्य आणि अहिंसेकडे वळतात आणि स्वतःला शून्यवत करण्याची अवघड वाट अजून चालायची आहे, असे कबूल करतात. ज्या शोधासाठी लिहायला घेतले, त्याचा हिशेब दिला आणि लेखणी ठेवली.

यातून आपल्यासारख्यांनी एवढेच घ्यायचे, की आपण कशासाठी लिहायला बसलो, हे आधी स्वतःला विचारावे. समजा, १९८२ च्या गिरणी संपात आपले घर कसे तगले, हे तुम्हाला सांगायचे आहे. आईने चार माणसांचे डबे करायला घेतले. घरात कधी तांब्या न उचललेले वडील एके दिवशी पहाटे उठून ते डबे घासू लागले. बस्स, तिथे थांबा. घर कसे तगले, ते वाचकाला कळले. पुढे थोरल्याचा फ्लॅट, नातवाची पदवी हे सगळे खरे असले तरी ती दुसरी गोष्ट आहे. आणि 'कष्टाला पर्याय नाही' हे तर मुळीच लिहू नका. घासलेल्या डब्यांनी ते सांगून झालेले असते.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. शेवट गोड करण्याचा मोह फार. दोन भावांमधला अबोला कधी मिटलाच नसेल, तर तो कागदावर मिटवू नका. घरातल्या आठवणींना दुसरा पुरावा नसतो. आपण लिहू तेच नातवंडे खरे धरून चालतात, आणि ज्याने तो अबोला सोसला, त्याचे सोसणे कायमचे पुसले जाते. 'दादाच्या लग्नाच्या फोटोत काका नाही' एवढ्यावर थांबले तरी चालते. जे सुटले नाही, ते सुटले नाही म्हणून लिहिण्यात कमीपणा कसला?

आता एक सोपी परीक्षा. लिहिलेले आठ दिवस बाजूला ठेवा. मग शेवटचा परिच्छेद हाताने झाकून घरातल्या कुणाला तरी बाकीचे मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने 'मग पुढे काय झाले?' असे विचारले, तर हात काढा. तो नुसताच गप्प बसून राहिला, तर झाकलेल्या परिच्छेदावर खुशाल काट मारा.