नरनाळ्याच्या दरवाजाशी

संग्रामपुरातून सातपुडा रोज दिसतो. पण अकोटवरून शहानूर गाठून नरनाळा चढलेले आपल्यांत किती? आम्ही युनियनची मंडळी जाऊन आलो.

महाकाली दरवाजाशी पायच थबकले. फिकट वालुकाश्मात कोरलेली कमळे, पुढे आलेले सज्जे, नाजूक जाळ्या! वर लेख आहे : १४८७ साल, बहमनी सुलतानाचे नाव. दगड वाहणाऱ्यांचे मात्र नाही.

अकबराच्या अमदानीत नरनाळा हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे. तटाआड एवढी माणसे नांदायची तर पाणी हवे, म्हणून तळी. राजवाड्याआधी आम्ही तीच पाहिली. आता वर वस्ती नाही.

आमच्यातला गवंडी बराच वेळ जाळीवरून बोट फिरवीत होता. म्हणाला, "दादा, ह्याला रोजी काय दिली असेल हो?"